तेरेझिनच्या चित्रशिक्षिका

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या निवृत्त शिक्षकांच्या सत्कारसभेतील भाषण)



सत्कारसभेतील भाषणांस एक ठरावीक वळण पडून गेले आहे. सत्कारमूर्तींच्या नोकरीची वर्षे मोजावयाची, त्यांच्या हाताखालून गेलेल्या नामांकित विद्यार्थ्यांची यादी वाचावयाची, शाल-श्रीफळ द्यावयाचे, आणि 'आता सुखाने विश्रांती घ्या' असा आशीर्वाद देऊन खाली बसावयाचे. त्यात वावगे काही नाही. परंतु उत्सवसमितीने आम्हांस जो विषय नेमून दिला आहे तो 'निवृत्त शिक्षक आणि समाजसेवा' असा आहे. आणि विश्रांतीचा आशीर्वाद व सेवेचा उपदेश एकाच श्वासात देता येत नाही. म्हणून आज आम्ही ते वळण सोडतो.

समोर बसलेल्या गुरुजनांत चित्रकला शिकविणारेही आहेत. शाळेत ह्या विषयाच्या वाट्याला आठवड्याचे एकदोन तास येतात, आणि परीक्षा जवळ आली की तेही गणिताच्या मास्तरांना उसने द्यावे लागतात. एलिमेंटरी व इंटरमिजिएट ह्या सरकारी रेखाकला परीक्षांना मुले बसवावयाची, संमेलनाचे पडदे रंगवावयाचे, दर्शनी फळ्यावर सुविचार लिहावयाचा, आणि नाताळ जवळ आला की चर्चमधला गोठा उभारावयाचा! वयाच्या ५८ व्या वर्षी शाळा निरोप देते. गोठ्याचे काम मात्र पुढेही सुटत नाही. ड्रॉइंगमास्तर निवृत्त होतो, परंतु त्याची पेन्सिल गावाला हवीच असते.

ह्याच पेशातील एका बाईंची हकीगत आज आम्ही आपणांस सांगणार आहोत. त्या आपल्या गावच्या नव्हेत, आपल्या देशाच्या नव्हेत, आपल्या धर्माच्याही नव्हेत. त्यांना कोणी शाल-श्रीफळ देऊन निवृत्त केले नाही. राज्यकर्त्यांनी त्यांच्या हातचे काम काढून घेतले. पुढे त्यांनी जे शिकविले ते वेतनावाचून, शाळेवाचून, आणि शेवटी स्वातंत्र्यावाचून शिकविले. नोकरी संपल्यावर शिक्षकाजवळ काय उरते, हा प्रश्न ज्यांच्या मनात आहे त्यांनी ही हकीगत ध्यान देऊन ऐकावी.

त्यांचे नाव फ्रीडल डिकर-ब्रँडाइस. आपल्याकडे शिक्षिकेस 'बाई' म्हणण्याची रीत आहे, तीस अनुसरून आम्ही त्यांस फ्रीडलबाई म्हणू.

फ्रीडलबाईंचा जन्म १८९८ साली व्हिएन्ना शहरात एका गरीब यहुदी कुटुंबात झाला. चार वर्षांच्या असतानाच त्यांच्या आईस देवाज्ञा झाली. वडील कागद-पेन्सिली विकणाऱ्या एका दुकानात नोकरीस होते. त्यामुळे ज्या वयात इतर मुली बाहुल्यांशी खेळतात त्या वयात ही मुलगी कागदाच्या गठ्ठ्यांत व रंगांच्या डब्यांत रमत असे. तरुणपणी योहानेस इटन नावाच्या चित्रशिक्षकाकडे त्या शिकू लागल्या, आणि १९१९ साली त्यांच्या पाठोपाठ जर्मनीतील वायमार येथे नुकत्याच निघालेल्या बाउहाउस ह्या कलाशाळेत गेल्या. हे इटन वर्गात शिरल्यावर आधी विद्यार्थ्यांस श्वास घ्यावयास लावीत, हात मोकळे करावयास लावीत, आणि मग कागदाला हात लावू देत. चित्र हे बोटांतून नव्हे, तर सबंध माणसातून उतरते, ही त्यांची शिकवण. ती फ्रीडलबाईंच्या अंगी पुरी मुरली.

शिक्षण आटोपून त्या व्हिएन्नास परतल्या. तेथे एका सहकाऱ्याबरोबर त्यांनी घरे व सामान यांची आखणी करण्याचा व्यवसाय चालविला. एका माँटेसरी बालमंदिराची सजावटही त्यांच्या हातची होती. १९३१ च्या सुमारास शहराच्या कारभाऱ्यांनी बालमंदिरांच्या शिक्षिकांस चित्रकला शिकविण्याचे काम त्यांच्याकडे सोपविले. परंतु काळ फिरला होता. त्या साम्यवादी पक्षात काम करीत. १९३४ साली ऑस्ट्रियात दंगली होऊन विरोधकांची धरपकड सुरू झाली, तेव्हा त्यांसही तुरुंग घडला. सुटका होताच त्या प्राग शहरी गेल्या, आणि तेथे त्यांच्यासारख्याच परागंदा झालेल्या कुटुंबांच्या मुलांस चित्रे काढावयास शिकवू लागल्या. ह्या कामात व्हिएन्नाची एक तरुण मुलगी, एडिथ क्रॅमर, त्यांच्या हाताशी असे. हे नाव लक्षात ठेवावे. पुढे ते पुन्हा येणार आहे.

१९३६ साली त्यांनी आपले नातलग पावेल ब्रँडाइस यांच्याशी विवाह केला. १९३८ साली हे जोडपे ह्रोनोव नावाच्या लहानशा गावी राहावयास गेले व तेथील कापडाच्या कारखान्यात काम करू लागले. पुढल्याच वर्षी हिटलरच्या सैन्याने तो देश गिळला. यहुद्यांनी अमुक धंदा करू नये, तमुक रस्त्याने जाऊ नये, मुलांस शाळेत पाठवू नये, असे हुकूम एकामागून एक निघाले. फ्रीडलबाईंची नोकरी गेली. त्याआधी पॅलेस्टाइनला जाण्याचा परवाना त्यांच्या हाती आला होता. परंतु तो त्यांच्या एकटीच्या नावाचा होता. पतीस मागे सोडून जाण्यास त्यांनी नकार दिला.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. आपल्या कोकणकिनाऱ्यावर बेने इस्राएल नावाचे यहुदी बांधव शतकानुशतके नांदले. ते मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवीत, आणि शनिवारी घाणा बंद ठेवून विसावा घेत. म्हणून शेजारी त्यांस 'शनिवार तेली' म्हणत. त्यांच्या विसाव्याच्या वाराबद्दल कोणी त्यांचे घर जाळले नाही. उलट ज्या युरोपात गावोगावी चर्चचे मनोरे उभे होते, तेथे हा अनर्थ घडला, आणि पुष्कळांनी दारे लावून घेतली. एडिथ स्टाइन ह्या यहुदी कुळात जन्मलेल्या कार्मेल संघाच्या धर्मभगिनी; त्याही मूळच्या शिक्षिका. त्यांसही १९४२ साली आउशविट्झ येथे ठार मारण्यात आले. १९९८ साली त्यांची संतपदी घोषणा झाली. यहुद्यांचा द्वेष हा ख्रिस्तसभेस मान्य नाही, हे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली स्पष्ट शब्दांत सांगितले. तेव्हा ही हकीगत परक्यांची म्हणून ऐकण्याची आपणांस मुभा नाही.

असो. १९४२ च्या डिसेंबरात फ्रीडलबाई व त्यांचे पती यांस तेरेझिन येथे नेण्यात आले.

तेरेझिन हे प्रागपासून सुमारे ६० किलोमीटरवरचे तटबंदीचे गाव. अठराव्या शतकात सम्राट दुसरा जोसेफ याने ते बांधविले आणि आपली आई मारिया तेरेझा हिचे नाव त्यास दिले. युद्धापूर्वी शिपाई व गावकरी मिळून तेथे सुमारे ७,००० माणसे राहत. जर्मनांनी ते गाव रिकामे करून त्याचा कोंडवाडा केला, आणि १९४२ च्या सप्टेंबरात तेथे ५८,००० जीव कोंबले गेले! माळ्यावर, तळघरात, घोड्यांच्या पागेत माणसे निजत. उपासमार व रोगराई यांनी सुमारे ३३,००० माणसे तेथेच दगावली. त्याहून पुष्कळ अधिक, सुमारे ८८,००० माणसे, तेथून आगगाडीत भरून पूर्वेकडील मृत्युछावण्यांत पाठविण्यात आली.

छावणीत जाणाऱ्यास ५० किलो सामान नेण्याची परवानगी असे. अशा वेळी माणूस काय उचलतो? उबदार कपडे, भांडे, अन्न, औषध. फ्रीडलबाईंनी त्या ५० किलोंत मुलांसाठी चित्रकलेचे साहित्य भरले. समोर बसलेल्या गुरुजनांनी ह्या एकाच गोष्टीचा विचार करावा. ज्यांना कोणत्याही शाळेने बोलाविले नव्हते, ज्यांच्या वर्गाची कोणी वाट पाहत नव्हते, त्या बाईंनी वाटेवर असतानाच ठरविले होते की, जेथे आपण जाऊ तेथे मुले असणार, आणि मुले असतील तेथे आपले काम असणार.

तेरेझिनमध्ये मुलांच्या व मुलींच्या राहण्याच्या निरनिराळ्या इमारती होत्या. यहुदी कैद्यांनीच त्यांची व्यवस्था पाहावयाची होती. चौकातील चर्चच्या शेजारी मुलींचे जे घर होते त्यास 'एल ४१०' असा क्रमांक होता. घरांनाही नावे नव्हती, माणसांनाही क्रमांक होते. तेथे शाळा चालविण्यास बंदी होती. वाचन, गणित, इतिहास शिकवावयाचा तो चोरून, दाराशी एक मुलगी पहाऱ्यास ठेवून. गाणे, हस्तकला व चित्रे ह्यांकडे मात्र जर्मन अधिकारी 'मुलांचा वेळ जातो' म्हणून दुर्लक्ष करीत. आमच्या चित्रशिक्षकांस हे ऐकून हसू येईल. आपला विषय कोणी गंभीरपणे घेत नाही ही त्यांची जुनी तक्रार आहे. परंतु ज्या विषयास शत्रूने क्षुल्लक मानून मोकळे सोडले, त्याच फटीतून एका बाईने शेकडो मुलांपर्यंत वाट काढली.

बाईंचा वर्ग म्हणजे काय असे? एक लांब टेबल, भोवती दाटीने बसलेली मुले, आणि हाती लागेल तो कागद. आणलेले साहित्य पुरते कोठवर? मग कचेरीतले वापरलेले फॉर्म, पुड्यांचे कागद, जुन्या हिशेबांच्या पाठकोऱ्या बाजू, काहीही चाले. रंग नसले तर रंगीत कागदाचे कपटे फाडून चिकटवावयाचे. छापील फॉर्मवरच्या रेघा कोणाच्या चित्रात कुंपण होत, तर कोणाच्या चित्रात शेत.

वर्गाच्या आरंभी त्या मुलांस हात सैल करावयास लावीत. तालावर रेघा काढावयास सांगत. एखादी वस्तू पुढे ठेवून ती नीट पाहावयास लावीत. जुन्या थोर चित्रकारांच्या चित्रांच्या छापील प्रती त्यांच्याजवळ होत्या. त्या पाहून मुलांनी रंगीत कपट्यांतून ती चित्रे आपल्या परीने उभी करावयाची. त्या मुलाच्या कागदावर आपली पेन्सिल चालवीत नसत. 'हे झाड असे नसते' असे म्हणत नसत. मुलास जे काढावयाचे आहे ते त्याचे त्यानेच शोधावे, शिक्षकाने जवळ उभे राहावे, परंतु त्याच्या व कागदाच्या मध्ये येऊ नये, हा त्यांचा नियम.

आणि मुलांनी काय काढले? छावणीतले बिछाने, रांगा, पहारेकरी ही त्यांत आहेतच. परंतु पुष्कळ चित्रांत फुले आहेत, फुलपाखरे आहेत, घरची खिडकी आहे, सणाचे जेवण मांडलेले टेबल आहे, जहाज आहे, डोंगरापलीकडे जाणारी वाट आहे. बाईंनी त्यांस 'दुःख विसरा' असे सांगितले नाही, आणि 'दुःखच काढा' असेही सांगितले नाही. १९४३ साली त्यांनी छावणीतल्या शिक्षकांपुढे मुलांच्या चित्रकलेवर एक व्याख्यान दिले, आणि त्याच वर्षी मुलींच्या घराच्या तळघरात मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन भरविले. त्या व्याख्यानाचा आशय थोडक्यात असा: आपणांस ह्या मुलांतून चित्रकार घडवावयाचे नाहीत, त्यांच्या ठायी निर्माण करण्याची जी शक्ती आहे ती मोकळी करावयाची आहे, कारण तीच त्यांस तगवून धरील.

आता ह्या वर्गातील एक नियम सांगतो. आमच्या मते साऱ्या हकीगतीचे मर्म त्यात आहे. चित्र पुरे झाले की प्रत्येक मुलाने त्यावर आपले नाव लिहावयाचे. घराचा क्रमांक वा तुकडीचा क्रमांक नव्हे, तर आईबापांनी ठेवलेले नाव. बाहेर ज्या यादीत ती मुले होती तेथे ती आकडे होती. आगगाडीत भरावयाचे नग होती. ह्या एका टेबलावर ती कोणीतरी होती. रूथ होती, हाना होती, पेट्र होता. आठदहा वर्षांचे मूल वेड्यावाकड्या अक्षरांत कोपऱ्यात आपले नाव लिही, आणि तेवढ्याने साऱ्या छावणीचा दावा खोटा पडे.

१९४४ साली तेरेझिनमध्ये आणखी एक 'रंगकाम' झाले; त्याचाही उल्लेख केला पाहिजे. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे पाहुणे २३ जूनला छावणी पाहावयास येणार होते. म्हणून जर्मनांनी घरांच्या दर्शनी भिंती रंगविल्या, बागा लावल्या, दुकानांचे देखावे उभे केले. आणि गर्दी कमी दिसावी म्हणून मे महिन्यातच सुमारे ७,५०० माणसे आउशविट्झला पाठवून दिली. पाहुणे आले, रंगविलेल्या वाटेने फिरले, आणि समाधानाने परत गेले. गाव एकच, परंतु एका हाताने रंग वापरला तो सत्य झाकण्यासाठी, आणि दुसऱ्या हाताने वापरला तो मुलाच्या मनातले सत्य बाहेर येण्यासाठी. चित्रकला हे साधन दोन्हीकडे सारखेच राबते. ते कोणाच्या सेवेस लावावयाचे, हे माणूस ठरवितो.

त्या शरद ऋतूत शेवट आला. २८ सप्टेंबर ते २८ ऑक्टोबर १९४४ ह्या एका महिन्यात अकरा गाड्यांतून १८,००० हून अधिक माणसे आउशविट्झला नेण्यात आली. पहिल्याच गाडीत पावेल ब्रँडाइस होते. फ्रीडलबाईंचे नाव यादीत नव्हते. तरी पतीमागे जाण्यासाठी त्यांनी आपण होऊन पुढल्या गाडीत नाव घातले. ६ ऑक्टोबरला त्या निघाल्या. त्याच गाडीत त्यांचे कित्येक विद्यार्थीही होते. तीन दिवसांनी, ९ ऑक्टोबरला, बिर्केनाऊच्या विषारी वायूच्या कोठडीत त्यांचा अंत झाला. त्यांचे वय ४६ होते. पती मात्र कारागीर म्हणून कामास लावले गेले आणि वाचले.

परंतु निघण्यापूर्वी बाईंनी एक काम केले होते. मुलांची चित्रे त्यांनी जपून गोळा केली होती. दोन पेट्या भरून सुमारे ४,५०० चित्रे मागे राहिली. युद्ध संपल्यावर मुलींच्या घराचे व्यवस्थापक विली ग्रोग यांनी त्या पेट्या प्रागला नेऊन तेथील यहुदी समाजाच्या स्वाधीन केल्या. आज ती चित्रे प्रागच्या यहुदी संग्रहालयात आहेत. त्यांतील काही पिंकास नावाच्या जुन्या सभास्थानात पाहावयास मिळतात. त्याच वास्तूच्या भिंतींवर बोहेमिया व मोराविया येथील सुमारे ८०,००० बळींची नावे हाताने लिहिलेली आहेत. चित्रांवर नावे होती, म्हणून कोणते चित्र कोणाचे हे पुढे शोधता आले. ज्या सुमारे ६६० मुलांची ओळख पटली, त्यांतील सुमारे ५५० मारली गेली होती. पुष्कळांची ह्या जगातील एकमेव खूण म्हणजे तो कागद आणि कोपऱ्यातले ते नाव.

बंधुभगिनींनो, येथे एक कठोर प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ह्या सर्व चित्रांनी कोणाचा प्राण वाचला? बाईंच्या वर्गामुळे एकही गाडी थांबली नाही. मग ती सेवा व्यर्थ गेली काय?

ह्या प्रश्नास लोक एक सोयीचे उत्तर देतात, ते असे की, सेवेचे फळ पुढे कधीतरी मिळतेच. आणि फळ मिळालेही. आम्ही वर जिचे नाव लक्षात ठेवावयास सांगितले ती एडिथ क्रॅमर १९३८ साली अमेरिकेस गेली. मनाने पीडित झालेल्या मुलांस चित्रांच्या द्वारे बरे करण्याची जी विद्या आज जगभर रूढ आहे, तिच्या आद्य प्रवर्तकांत तिची गणना होते, आणि आपली दृष्टी फ्रीडलबाईंपासून आली असे ती सांगत असे. तेरेझिनमध्ये बाईंपाशी शिकून वाचलेली एर्ना फुर्मान ही मुलगी पुढे अमेरिकेत बालकांच्या मनाची वैद्य झाली. बाईंच्या एका टेबलाची सावली अशी लांबवर पसरली.

परंतु हे उत्तर आम्हांस पुरेसे वाटत नाही. ह्यांपैकी काहीही झाले नसते, त्या दोन पेट्या आगीत जळून गेल्या असत्या, तरी तो वर्ग व्यर्थ ठरला नसता. १९४३ च्या एका दुपारी भुकेल्या मुलीने तासभर एका फुलाकडे टक लावून पाहिले, ते आपल्या हाताने कागदावर उतरविले, खाली आपले नाव लिहिले, आणि कोणीतरी ते आदराने हातात घेतले. तो तास त्या मुलीला लाभला. तो तिच्यापासून पुढे कोणी हिरावून घेऊ शकला नाही, कारण तो होऊन गेला होता. मरणाऱ्या रोग्याच्या उशाशी बसणाऱ्यास कोणी विचारीत नाही की, तुझ्या बसण्याने तो वाचला काय? तद्वत हेही आहे. जी सेवा केवळ फळावर नजर ठेवून उभी असते ती फळ दिसेनासे झाले की खाली बसते. फ्रीडलबाईंची सेवा समोरच्या मुलावर नजर ठेवून उभी होती, म्हणून ती ५ ऑक्टोबरपर्यंत उभी राहिली.

आता आपण आपल्या धर्मग्रामाकडे वळू. देवाच्या कृपेने आपल्या वसईत तटबंदीची छावणी नाही. परंतु ज्यांना कोणी नावाने हाक मारीत नाही अशी माणसे नाहीत, असे कोणी म्हणू शकेल काय? वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर दूरदूरच्या मुलखांतून आलेली कुटुंबे आहेत. त्यांची मुले हंगामापुरती येतात, आणि शाळेच्या हजेरीपटावर नाव चढण्यापूर्वीच निघून जातात. घरोघरी एकाकी म्हातारी माणसे आहेत. मुले आखाती देशांत वा कॅनडात, आणि इकडे दुपार सरता सरत नाही. मतिमंद म्हणून घराच्या मागल्या खोलीत राहिलेली लेकरे आहेत. ह्या सर्वांना पैशाची मदत देणारे देतात. तासभर शेजारी बसून, हातात पेन्सिल देऊन, 'हे तुम्ही काढलेत काय? मग खाली नाव लिहा' असे म्हणणारे कोणी नसते. हे काम देणगीने होत नाही. ते शिक्षकालाच साधते.

गुरुजनहो, तुमच्यापैकी काहीजण हे आधीच करीत आहेत, हे आम्ही जाणतो. रविवारच्या मिस्सानंतर मुलांस घेऊन बसणारे, इस्पितळात भेटीस जाताना खिशात खडूंची पेटी नेणारे येथे आहेत. त्यांची नावे आम्ही घेत नाही, कारण उजव्या हाताचे डाव्या हातास कळू न देण्याचा त्यांचा बाणा आहे. जे अजून विचारात आहेत त्यांस आमचे एवढेच सांगणे: मोठी संस्था काढू नका, पावतीपुस्तके छापू नका, उद्‌घाटनाची वाट पाहू नका. एक टेबल, पाठकोरे कागद आणि आठवड्यातला एक ठरलेला तास पुरेसा आहे. फक्त तो तास चुकवू नका. ज्याची कोणी वाट पाहत नाही त्याला वाट पाहावयास शिकवून मग न जाणे, हे मुळीच न जाण्याहून वाईट.

आणि धर्मग्रामवासीयांनो, तुम्हांसही दोन शब्द. निवृत्त माणूस म्हणजे फुकट राबणारा हात, अशी एक समजूत आपल्यात रुजली आहे. 'मास्तर रिकामेच आहेत, सांगा त्यांना फलक रंगवावयास!' ही सेवेची मागणी नव्हे, ही काटकसर होय. फ्रीडलबाईंना कोणी कागद दिला नाही. कारण देणारे स्वतःच कैदी होते. आपण कैदी नाही. ज्या उत्सवात मंडप, फ्लेक्स व ध्वनिक्षेपक ह्यांवर खर्च होतो, त्या उत्सवात मुलांच्या कागदास व रंगांस पैसा कमी पडू नये. सेवा विनामूल्य असते; तिचे साहित्य विनामूल्य नसते.

ह्या महोत्सवात मुलांच्या चित्रांचे प्रदर्शन भरवावयाचे ठरले आहे. त्याविषयी आमची एक सूचना समितीने स्वीकारली आहे, ती येथे जाहीर करतो. त्या प्रदर्शनात पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक लावले जाणार नाहीत. जितकी चित्रे येतील तितकी लावली जातील. आणि प्रत्येक चित्रावर ते काढणाऱ्याने स्वहस्ते आपले नाव लिहिलेले असेल. वीटभट्टीवरच्या ज्या मुलास अक्षर येत नसेल, त्यास येथे बसलेल्या गुरुजनांपैकी कोणीतरी आधी त्याचे नाव लिहावयास शिकवावे. प्रदर्शनाला अजून सहा आठवडे आहेत. तेवढा अवधी एका नावास पुरेसा आहे.

 देव आपले व आपल्या लेकरांचे भले करो.